मेन्यूत नसलेली ओळ : ई-रीडर, फाइली आणि वसतिगृहाचे वाचनालय

ग्रंथालयाचा इतिहास हा केवळ ग्रंथांचा इतिहास नसतो. ग्रंथापर्यंत कोण, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या परवानगीने पोहोचतो, याचाही तो इतिहास असतो. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये आजही एक साखळीबंद ग्रंथालय जतन केलेले आहे. तेथील ग्रंथ लोखंडी साखळीने फडताळाला जोडलेले आहेत. साखळी जेवढी लांब, तेवढाच ग्रंथ हलवता येई. आजच्या ई-रीडरला अशी साखळी दिसत नाही. मात्र निर्मात्याने मेन्यूत ज्या ओळी दिल्या, तेवढ्याच वाटा वाचकाला दिसतात. जी ओळ तेथे नाही, ती सोय यंत्रातच नाही असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती तपासून पाहण्याजोगे आहे, ते कोबो ई-रीडरच्या उदाहरणाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आमची गरज साधी होती. माजी विद्यार्थ्यांनी वाचनालयास भेट दिलेल्या कोबो यंत्रांवर शिक्षकांची टिपणे, जुने प्रश्नसंच आणि पुस्तके पोहोचवायची होती. नेहमीचा मार्ग केबलचा. प्रत्येक यंत्र गोळा करायचे, संगणकाला जोडायचे, फाइल उतरवायची, यंत्र सुरक्षितपणे विलग करायचे आणि मग पुढचे घ्यायचे. जोडलेले असताना त्या यंत्रावर वाचता येत नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एक टिपण सर्वांना द्यायचे झाले, तर वाचनाचा तास या कामातच सरतो. वसतिगृहात वाय-फाय आहे, यंत्रातही वाय-फाय आहे. मग फाइल हवेतून का जाऊ नये?

यंत्राच्या आत काय आहे?

कोबो ही कॅनडातील टोरांटो येथे २००९ साली सुरू झालेली कंपनी. तिचे यंत्र लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालते. पडद्यावर आपल्याला दिसते ते ‘निकेल’ नावाचे वाचन-सॉफ्टवेअर. त्याच्या खालच्या थरात ‘बिझीबॉक्स’ नावाचा एक लहानसा संच असतो. अनेक छोटी साधने त्याने एकाच ठिकाणी बांधून ठेवलेली असतात. त्यांपैकी एक म्हणजे एफटीपी सेवा, अर्थात जाळ्यावरून फाइलींची ने-आण करणारे साधन. म्हणजेच आम्हांस हवी असलेली सोय यंत्रात आधीपासूनच होती. तिच्याकडे जाणारी ओळ तेवढी मेन्यूत नव्हती.

ही ओळ घालण्याचे काम ‘निकेलमेन्यू’ हे विनामूल्य, मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर करते. ते निकेलची जागा घेत नाही. त्याच्या मेन्यूत आपण सांगू त्या ओळींची भर घालते.

ओळ कशी घालावी?

यंत्र केबलने संगणकास जोडावे. आपल्या यंत्रातील सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी जुळणारी ‘कोबोरूट’ नावाची संकुचित फाइल घेऊन ती ‘डॉट-कोबो’ या फोल्डरात ठेवावी. यंत्र विलग करताच ते पुन्हा सुरू होते आणि स्थापना आपोआप पूर्ण होते. नावाच्या आरंभी टिंब असलेले फोल्डर काही संगणकांवर लपलेले असतात. ते दिसत नसल्यास लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा.

स्थापनेनंतर ‘डॉट-ॲड्स’ या फोल्डरात ‘एनएम’ नावाचे उपफोल्डर तयार होते. तेथे साध्या मजकुराची एक फाइल आपण ठेवायची. मेन्यूतील प्रत्येक नोंदीसाठी तिच्यात एक ओळ लिहायची असते. ओळीचे भाग अपूर्णविरामाने वेगळे केलेले असतात. ही मेन्यूची नोंद आहे असे पहिला भाग सांगतो; ती कोणत्या मेन्यूत दिसावी, हे दुसरा; पडद्यावर काय लिहिलेले असावे, हे तिसरा; यंत्राने कोणत्या प्रकारची कृती करावी, हे चौथा; आणि त्या कृतीसाठी लागणारी नेमकी आज्ञा शेवटी येते. आज्ञा रोमन अक्षरांत असतात. त्यांत एक चिन्ह चुकले तरी ओळ निकामी होते. म्हणून त्या स्मरणाने लिहू नयेत. स्थापनेबरोबर त्याच उपफोल्डरात ‘डॉक’ नावाची माहिती-फाइल येते. एफटीपीचे उदाहरण तिच्यात आहे. तेथूनच ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

त्या आज्ञेचा अर्थ मात्र समजून घेतला पाहिजे. ‘क्रमांक १०२१ च्या दारावर कान देऊन बस, कोणी आले तर पुस्तकांचा विभाग त्याच्यासमोर उघडा कर, बाहेरून फाइल लिहू दे, ३० सेकंद काहीच हालचाल झाली नाही तर ती जोडणी तोड,’ एवढेच ती सांगते. लिहू देण्याची परवानगी त्यात एका अक्षराने दिलेली असते. ते अक्षर वगळले तर फाइली पाहता व उतरवून घेता येतात, पण नवी फाइल आत घालता येत नाही.

आणखी तीन ओळी उपयोगी पडतात. पहिली यंत्राचा आयपी पत्ता दाखवते, कारण पत्ता कळल्याशिवाय संगणक यंत्रापर्यंत पोहोचणार नाही. दुसरी वाय-फाय सक्तीने चालू ठेवते. एरवी बॅटरी वाचवण्यासाठी यंत्र ते बंद करते. तिसरी पुस्तकांची नोंद नव्याने घेते. फाइल यंत्रात उतरली तरी अशी नोंद झाल्याशिवाय ती वाचकाच्या यादीत दिसत नाही. संगणकावर फाइलझिलासारखे साधन उघडून आयपी पत्ता आणि १०२१ हा क्रमांक दिला की यंत्रातील फोल्डर समोर येतात. ‘डॉट-कोबो’ फोल्डरात यंत्राची स्वतःची नोंदवही असते. त्यास हात लावू नये.

उघडे दार

येथे थोडे थांबले पाहिजे. या मांडणीत परवलीचा शब्द विचारला जात नाही आणि एफटीपीने जाणारा मजकूर कूटबद्धही नसतो. त्यामुळे दार उघडे असेपर्यंत त्याच वाय-फायवरील कोणीही आत येऊ शकतो, फाइल पाहू शकतो, पुसूही शकतो. म्हणून आम्ही काही नियम ठरवले आहेत. हे काम फक्त वसतिगृहाच्या स्वतःच्या जाळ्यावर करावे. स्थानक, उपाहारगृह येथील सार्वजनिक वाय-फायवर कधीही नाही. काम संपताच यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे सेवा थांबते. विद्यार्थ्यांची खाजगी माहिती या यंत्रांवर ठेवू नये. ‘डॉक’ फाइलमध्ये टेलनेटचेही उदाहरण आहे. त्यायोगे केवळ पुस्तकांचा नव्हे, तर संपूर्ण यंत्राचा ताबा मिळतो. वाचनालयास त्याची गरज नाही, म्हणून ती ओळ आम्ही घातलेली नाही.

निकेलमेन्यू नको झाल्यास ‘एनएम’ फोल्डरात ‘अनइन्स्टॉल’ या नावाची रिकामी फाइल ठेवून यंत्र पुन्हा सुरू करावे. मेन्यू पूर्ववत होतो. तरीही निर्मात्याने न दिलेला बदल आपण करीत आहोत, हे ध्यानात ठेवून प्रथम एकाच यंत्रावर प्रयोग करावा.

काय पाठवावे?

वाट मोकळी झाली म्हणजे हाती येईल ते पाठवावे असे नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हक्काची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. ते मूळ ग्रंथ आपण निःशंकपणे देऊ शकतो. अनुवादाचे तसे नाही. अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो, तो तपासून घ्यावा. मुद्रित पानांच्या छायाप्रतींची पीडीएफ लहान पडद्यावर वाचताना डोळ्यांना त्रास होतो. त्यापेक्षा अक्षरे लहानमोठी करता येणारी ईपब फाइल बरी. देवनागरीसाठी योग्य फॉन्ट यंत्राच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात ठेवावा आणि जोडाक्षरे नीट उमटतात की नाही, हे एका पुस्तकावर आधी पाहून घ्यावे.

हे काम आम्ही वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसमक्ष करतो आणि प्रत्येक ओळीचा अर्थ त्यांना विचारतो. पुढे त्यांना अनेक कार्यालयांत, अनेक पडद्यांसमोर बसायचे आहे. कोणीतरी आखून दिलेली यादी तेथेही समोर येईल. ‘यादीत नाही’ आणि ‘अस्तित्वातच नाही’ या दोन विधानांतील अंतर ज्याने एकदा स्वतःच्या हाताने मोजले, तो पुढच्या यादीपाशी निमूटपणे थांबणार नाही. दार उघडता येणे आणि काम झाल्यावर ते आठवणीने लावून घेणे, ही दोन्ही कौशल्ये त्याच्यापाशी असावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

ज्या माजी विद्यार्थ्यांकडे वापरात नसलेली चालू यंत्रे किंवा स्वतः तयार केलेली विषयवार टिपणे असतील, त्यांनी ती वाचनालयास अवश्य द्यावीत. ती मुलांपर्यंत पोहोचवण्याची वाट आता तयार आहे.