तारण सर्वांसाठी की निवडलेल्यांसाठी?

येशूने वधस्तंभावर प्राण दिला तो कोणासाठी? सर्व माणसांसाठी, असं डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये लेखी मांडलं. लाभ मात्र विश्वास ठेवणाऱ्यालाच. डॉर्ड्रेख्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) हे फेटाळलं. ते बलिदान साऱ्या जगाच्या पापांना पुरेसं आहे, पण तारण देवाने निवडलेल्यांचंच, असा तिचा निर्णय. तरीही शुभवर्तमान सर्वांना सांगावं, असं याच सभेने बजावलं होतं. टीकाकारांनी हे विसरू नये. विरोधी मताच्या सुमारे २०० पाळकांची पदं गेली, हा मात्र उघड अन्याय होता. पुढे १७३९ मध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने इंग्लंडमधील ब्रिस्टलला ‘सर्वांसाठी’ची बाजू आवेशाने मांडली आणि जिवलग सहकारी जॉर्ज व्हाइटफील्डशी त्याचं बिनसलं. बहुतेक मेथडिस्ट चर्च आजही वेस्लीचीच शिकवण मानतात.