अंग आंबणे आणि मज्जारज्जू

सवय नसलेल्या शरीराने एकाएकी श्रम केले म्हणजे दुसऱ्या दिवशी अंग ठणकते. या अनुभवास मराठीने ‘अंग आंबणे’ असे नाव दिले आहे. योगायोग असा, की शरीरशास्त्रानेही या दुखण्याचे खापर पुष्कळ काळ एका आम्लावरच फोडले. राबणाऱ्या स्नायूत दुग्धाम्ल साचते व त्याने ठणका लागतो, ही ती उपपत्ती. ती आता टिकत नाही. श्रमानंतर एकदोन तासांत दुग्धाम्लाचे प्रमाण पूर्ववत होते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचते. शिवाय चढापेक्षा उतारावर दुग्धाम्ल कमी निर्माण होते, आणि मांड्या अधिक दुखतात त्या उतारानेच.

थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच या दुखण्याचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म फाटाफुटीशी जोडला होता. उतार उतरताना किंवा बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार पेलतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. अशा श्रमाने त्याच्या तंतूंस इजा होते, मागोमाग दाह होतो, आणि वेदना जागी होते.

पण गोष्ट स्नायूपाशी संपत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली वैद्याने हलकी हातोडी मारली की पाय आपोआप उडतो. एर्ब व वेस्टफाल या जर्मन वैद्यांनी १८७५ मध्ये या क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. स्नायू ताणला जाताच त्यातील सूक्ष्म ज्ञानेंद्रिये मज्जारज्जूस वर्दी देतात आणि मज्जारज्जू मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता स्नायूस आकुंचनाचा हुकूम सोडतो. हा सारा व्यवहार सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात उरकतो. पायरी उतरताना गुडघा सावरला जातो, त्यात या प्रतिक्षिप्त क्रियेचाही वाटा असतो.

आंबलेल्या स्नायूत या क्रियेचे काय होते? दुखण्यामुळे ही क्रिया चेकाळते, स्नायू आखडतो व त्याने दुखणे आणखी वाढते, असे १९६०च्या सुमारास काही अभ्यासक मानीत. परंतु स्वस्थ पडलेल्या आंबलेल्या स्नायूतील विद्युत्‌स्पंदने मोजली असता तशी आखड सहसा आढळत नाही. उलट उतारावर धावलेल्या किंवा वारंवार उड्या मारलेल्या माणसांवरील कित्येक प्रयोगांत ही क्रिया क्षीण झालेली दिसली. दुखऱ्या स्नायूतून निघणारे बारीक मज्जातंतू मज्जारज्जूत वेदनेची वार्ता आणतात आणि ताणाच्या वर्दीचा जोर तेथेच कमी करतात, असा त्याचा एक उलगडा आहे. सर्व प्रयोगांचे फल एकसारखे नाही; तथापि आंबलेल्या स्नायूचे बळ घटते आणि अवयव नेमका कोठे आहे याचा अंदाजही चुकतो, हे निश्चित झाले आहे.

आम्हां शिक्षकांस याचे महत्त्व आहे. तालमीतील बैठक आणि वर्गातील उठाबशा यांत स्नायूच्या दृष्टीने भेद नाही. पन्नास-शंभर उठाबशांची शिक्षा भोगलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी जिन्यावर कठडा धरून उतरतो, कवायतीत अडखळतो; तेव्हा आम्ही त्यास आळशी किंवा ढोंगी ठरवितो. वस्तुतः त्याचे पाय त्याच्या इच्छेसही पुरते वश नसतात. अतिरेक झाल्यास स्नायू मोठ्या प्रमाणावर विघटित होऊन मूत्र चहासारखे गडद होते आणि मूत्रपिंडास धोका पोहोचतो. अशा वेळी विलंब न लावता मुलास रुग्णालयात न्यावे.

व्यायाम मात्र टाकू नये. थोड्या बैठकांनी आरंभ करून त्या हळूहळू वाढविल्यास तोच स्नायू काही दिवसांनी तेच श्रम फारसे न दुखता सोसतो. अंग आंबले असता हलके चालणे-फिरणे चालू ठेवावे. शर्यती, उड्या आणि जड कवायत दुखणे ओसरेपर्यंत, म्हणजे बहुधा आठवड्याच्या आत, पुढे ढकलाव्यात. शिक्षा म्हणून उठाबशा काढावयास लावणे तर आम्ही कायमचेच सोडून द्यावे.