गुलाबी दिसला म्हणजे रोहित नव्हे

बोर किंवा धाम धरणाच्या काठी लांब पायांचा, गुलाबी झाक असलेला पक्षी दिसला की वर्धेकर हरखून ‘फ्लेमिंगो!’ म्हणतात. जरा थांबा. आधी चोच पाहा. ती लांब, पिवळी असेल आणि गुलाबी रंग फक्त शेपटीजवळच्या पिसांत असेल, तर तो चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचा. रोहिताची, म्हणजे फ्लेमिंगोची, चोच मधोमध खाली वाकलेली असते. मोठ्या रोहिताची गुलाबी आणि टोकाला काळी, तर छोट्याची जवळपास सगळीच गडद. पिल्लं मात्र मळकट राखाडी असतात. गुलाबी रंग शेवाळ आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतल्या रंगद्रव्यातून हळूहळू चढतो. उडताना मान आणि पाय दोन्ही ताणलेले, पंखांवर लाल-काळा रंग. एकदा पाहिलं की विसरणं नाही.

रोहित डोकं उलटं करून चोचीतून पाणी गाळतो. त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. खोल धरण त्याच्या कामाचं नाही. म्हणून उजनी धरणाचं पाणी ओसरलं की तिथे थवे उतरतात, ठाण्याच्या खाडीत तर हजारोंनी. तिथे 2015 साली त्यांच्यासाठी अभयारण्य घोषित झालं.

आपल्याकडे तो दिसलाच, तर लांबूनच फोटो घ्या, तारीख-ठिकाण टिपा आणि जवळच्या पक्षिमित्राला कळवा. फोटोत चोच यायलाच हवी.