पट्टीबाहेर ठेवलेली माणसं

१९४८ साली अल्फ्रेड किन्सी यांनी लैंगिक कलासाठी ० ते ६ अशी पट्टी मांडली: ० म्हणजे केवळ भिन्नलिंगी, ६ म्हणजे केवळ समलिंगी. ज्यांचा कसलाच लैंगिक प्रतिसाद नोंदला गेला नाही, त्यांच्यापुढे पट्टीबाहेरचं 'एक्स' हे अक्षर पडलं. खोट मापात होती. एक ओढ वाढली की दुसरी घटलीच पाहिजे, हे त्यातलं गृहीतकच लंगडं. मायकेल स्टॉर्म्स यांनी १९८० मध्ये दोन्ही ओढी स्वतंत्र अक्षांवर मांडल्या, तेव्हा कुठे दोन्ही कमी असणाऱ्या अलैंगिक व्यक्तींना आलेखात हक्काची जागा मिळाली. अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये १८ हजारांहून अधिक ब्रिटिश नागरिकांची उत्तरं तपासली. 'कोणाहीबद्दल कधीच लैंगिक आकर्षण वाटलं नाही' हा पर्याय सुमारे १ टक्का लोकांनी निवडला होता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे ब्रह्मचर्य किंवा आजार असेल. पण ब्रह्मचर्य हा वागण्याचा निर्णय आहे, ओढ असतानाही घेता येणारा. आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची २०१३ ची निदानपुस्तिकाही स्वतःला अलैंगिक मानणाऱ्यांवर कामेच्छेच्या विकाराचा शिक्का मारू नये, असं सांगते. म्हणून सर्वेक्षण करणाऱ्यांनी आकर्षण, वर्तन आणि ओळख हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, आणि आकर्षणाच्या प्रश्नाखाली 'कोणाहीबद्दल नाही' हा पर्याय छापावाच.