परीक्षानळीतला रंगारी

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. आधी सूत रंगतं, मग ते जॅकार्डच्या मागावर चढतं. म्हणजे रंग पक्का की कच्चा, याचा निकाल माग चालू होण्याआधीच रंगशाळेत लागलेला असतो. पक्क्या रंगांचं एक मोठं घराणं म्हणजे व्हॅट रंग. नीळ त्यातली सगळ्यांत जुनी, आणि तिचं सगळं गुपित एका परीक्षानळीत दिसतं.

नीळ पाण्यात विरघळत नाही. धुतल्यावर ती निघत नाही ते यामुळेच, पण मग ती सुतात शिरणार कशी? रंगारी पाण्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम डायथायोनाइट घालतो. रंगशाळेत या डायथायोनाइटला ‘हायड्रो’ म्हणतात. हायड्रोकडून निळीला इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणजे तिचं क्षपण होतं. मग ती विरघळते आणि चक्क पिवळसर हिरवी होते. सुताची लडी या द्रावात बुडवून वर काढली की हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत घेतो आणि धाग्याच्या आत पुन्हा न विरघळणारी नीळ तयार होते. हिरवी लडी डोळ्यांदेखत निळी पडते.

हेच नळीत करा: चिमूटभर नीळ, थोडं पाणी, कॉस्टिकचे थेंब, हायड्रोची चिमूट. (शिक्षक शेजारी हवेत आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कॉस्टिक डोळ्याला क्षमा करत नाही.) नळी ज्योतीवर धरू नका, साधारण ५० अंशांच्या कोमट पाण्यात उभी करा. काही वेळाने द्राव पिवळा-हिरवा होतो, पण वरच्या टोकाला, जिथे हवा लागते तिथे, निळा पापुद्रा राहतो. दोन्ही अवस्था एकाच वेळी, एकावर एक.

हा देखावा चंचुपात्रात नीट जमत नाही. १३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत ५ मिलिलीटर द्रावाचा सुमारे ४ सेंटिमीटर उंच स्तंभ होतो. ७ सेंटिमीटर रुंद चंचुपात्रात तेवढाच द्राव जेमतेम सव्वा मिलिमीटरचा थर होऊन पसरतो आणि हवेला भिडणारं क्षेत्रफळ जवळजवळ ३० पट होतं. हायड्रो हवेशी लढण्यातच संपून जातो. परीक्षानळी अरुंद असते ती नुसती काच वाचवण्यासाठी नव्हे. तिची ही बाजू शाळेत कोणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

शाळेत सांगतात ते नियम मात्र खरे आहेत. ज्योतीवर तापवताना नळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, तिरकी धरावी, तोंड कोणाकडेही नसावं. उभ्या नळीत तळाशी वाफेचा बुडबुडा झाला, तर वरच्या द्रावाला बाजूला सरायला जागाच नसते. तो सगळाच्या सगळा पिचकारीसारखा बाहेर येतो. बूड गोल असतं, कारण कोपऱ्यात ताण साचतो आणि काच तिथूनच तडकते. बोरोसिलिकेट काच तर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तिला तापणं-निवणं सोसतं.

कॉस्टिक तेवढंच, पण हायड्रोऐवजी ग्लुकोज आणि निळीऐवजी मिथिलीन ब्लू घेतलं की आणखी गंमत. नळी ठेवून दिली की द्राव रंगहीन होतो. बूच लावून हलवली की हवा मिसळते आणि निळा होतो. ग्लुकोज संपेपर्यंत हा खेळ चालतो.

आता खरेदीतली शंका. चादरीचा रंग पक्का आहे का? कोपऱ्यातला एक धागा आणि शेजारी पांढरं सूत नळीत घालून साबणाच्या कोमट पाण्यात हलवा. पांढरं सूत पांढरंच राहिलं तर रंग धुण्याला टिकतो. घासण्याला टिकेल का, हे मात्र नळी सांगत नाही. नीळ धुण्यात तग धरते, पण धाग्याच्या पृष्ठभागावर उरलेले तिचे कण घासल्यावर निघतात. नव्या जीन्सने सोफ्याचं कव्हर निळं होतं ते असंच. त्या परीक्षेला परीक्षानळी ठेवून द्यायची आणि पांढरा रुमाल चादरीवर जोरात घासून बघायचा.