पहिलीतील मुलाची दाढ आणि त्याचा ब्रश

शाळेतील स्वच्छतेच्या तपासणीत नखे, केस व कपडे नियमाने पाहिले जातात. दात पाहिले जातात ते मात्र ओठ उघडल्यावर दिसतील तेवढेच. वस्तुतः पहिलीच्या वर्गात ज्या दाताकडे सर्वांत अधिक लक्ष पुरवावयास हवे, तो इतक्याने दृष्टीस पडत नाही.

दुधाचे दात एकंदर 20 असतात. प्रत्येक जबड्यात मधल्या रेषेच्या दोहो बाजूंस पाच-पाच. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास या पाचव्या दातामागे एक मोठी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. मागील मोकळ्या जागेत ती निमूटपणे निघते. त्यामुळे घरच्या मंडळींना तिचा पत्ता नसतो, आणि लागलाच तर ‘दुधाची दाढ, आज ना उद्या पडेल’ असे समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ही दाढ कायमची होय. ती गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही. कडक भाकरी व शेंगाचटणी खाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तिचे मोल वेगळे सांगावयास नको. शिक्षकांनी मुलास उजेडात तोंड उघडावयास सांगून मधल्या रेषेपासून दात मोजावेत. पडलेल्या दाताची खिंडही मोजावी. सहावी येते ती हीच दाढ.

ब्रशाची निवड या दाढेवरून करावी. मोठ्यांच्या ब्रशाचे डोके मुलाच्या गालास अडते, ओकारी येते, आणि मूल पुढचेच दात घासून मोकळे होते. यास्तव मुलाच्या ब्रशाचे डोके लहान, सुमारे 2 सेंटिमीटर लांबीचे असावे. मूठ जाडसर असावी, म्हणजे लहान हातात ती फिरत नाही. केस मऊच घ्यावेत. वेष्टनावर ‘सॉफ्ट’ असे छापलेले असते. कडक केसांनी दात अधिक स्वच्छ होतात, ही समजूत भांडी घासण्यावरून आलेली दिसते. दातांवर जमणारा जंतूंचा चिकट थर मऊ केसांनीही निघतो. कडक केसांनी जोराने घासल्यास हिरड्या दुखावतात व मागे सरतात. किंमत, रंग आणि चित्रे यांवर काही अवलंबून नाही. केस वाकडे होऊन पसरले, अथवा तीन महिने झाले, की ब्रश बदलावा.

पूर्वी ब्रशाला डुकराचे केस लावीत. 1938 साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश विक्रीस आला. एखाद्या आजोबांच्या मनात ती जुनी शंका असल्यास आदराने दूर करावी.

बाभळीच्या वा कडुनिंबाच्या काडीस नावे ठेवण्याचे कारण नाही. नीट चावून कुंचला केलेली ताजी काडी पुढचे दात चांगले स्वच्छ करते. मागच्या दाढेवर व दातांच्या आतील बाजूस ती लहान मुलास फिरविता येत नाही, एवढीच तिची उणीव. राख, कोळसा आणि विटेची पूड यांची गोष्ट निराळी. त्यांच्या खरखरीत कणांनी दातांचे कवच झिजते.

मिश्रीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. दाढ दुखते म्हणून आजी वा आई प्रेमानेच मुलीच्या बोटावर चिमूट ठेवते. ठणका क्षणभर दबल्यासारखा वाटतो, कीड तशीच वाढते, आणि सवय जडते ती तंबाखूची. तिच्यातून तोंडाचा कर्करोग उद्भवू शकतो. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास 1992 साली बंदी झाली. 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. परंतु घरच्या तव्यापर्यंत कायदा पोहोचत नाही; शिक्षिकाभगिनी पोहोचू शकतात. माता-पालकांच्या सभेत हा विषय काढावा, पण कोणा एकीकडे बोट दाखवून नव्हे. मुलीच्या दाढेचे दुखणे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्याचे ठरले, की मिश्रीचे निमित्तच उरत नाही.

घासणे दिवसातून दोनदा व्हावे. रात्री निजण्यापूर्वीचे अधिक महत्त्वाचे. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. फेस गिळू न देता थुंकावयास लावावे. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत मुलाचा हात मागे नीट वळत नाही, म्हणून शेवटी वडीलधाऱ्यांनी एकवार ब्रश फिरवावा. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांची मुले मागे आजीपाशी राहतात. तेथे हे काम थोरल्या भावंडाकडे सोपवावे.

एका ब्रशावर तीन भावंडे, हा प्रकार अनेक घरी आढळतो. प्रत्येकाचा ब्रश वेगळा हवा. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून मुठीस निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधून घ्यावेत, आणि ब्रश धुऊन, केस वर करून पेल्यात उभा ठेवण्यास शिकवावे. नवा ब्रश आणल्याची तारीख मुलाने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी.