औषध पोचतं रक्तातून, आणि रक्तच थांबलेलं

पावसाळ्यात मालवणजवळच्या आमच्या कट्टा गावात बुरशी कुठे नसते? पडवीतल्या चपलांवर, खोबऱ्याच्या वाट्यांवर, माळ्यावरच्या गोणपाटांवर. तिचे बीजाणू आपण सगळेच श्वासाबरोबर घेतो आणि शरीर त्यांचा परस्पर निकाल लावतं. साखर हाताबाहेर गेलेली असेल, केमोथेरपी चालू असेल, मूत्रपिंड बदललेलं असेल किंवा स्टिरॉइड बरेच दिवस पोटात जात असेल, तर मात्र हा पहारा ढिला पडतो.

२०२१च्या मे महिन्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा अशाच बुरशीचा आजार पाहिला. लोकांच्या लक्षात राहिली ती ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या इंजेक्शनांसाठीची धावपळ. पण इंजेक्शन मिळूनही जबडा, डोळा का काढावा लागला, हे फारसं कुणी समजावून सांगितलं नाही.

ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या मागावर असते. वाहिनीच्या अस्तरावर जीआरपी-७८ नावाचं प्रथिन असतं; साखर आणि मोकळं लोह वाढलं की तेही वाढतं आणि बुरशीला तिथेच पकड मिळते. तंतू आत घुसतात, गुठळी होते, पुढचा भाग उपाशी मरून काळा पडतो. शिरेतून दिलेलं औषध त्या मेलेल्या भागात पोचणार कसं? वाटच बुजलेली. म्हणून सर्जनला तो भाग खरवडून काढावा लागतो, कधी पुन्हापुन्हा.

नाकामागच्या स्फेनॉइड पोकळीला लागून कॅव्हर्नस सायनस हा शिरांचा डोह आहे. त्यातून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी जाते, डोळा हलवणाऱ्या नसाही. नाकातली बुरशी तिथवर पोचून गुठळी झाली की पापणी पडते, एकाचे दोन दिसतात. डोळ्याची धमनी बंद झाली तर दृष्टी अचानक जाते. कॅरोटिड तुंबली तर विरुद्ध बाजूचा पक्षाघात. ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी कधीकधी धमनीची भिंत पोखरते. तिथे फुगा येतो आणि तो फुटला तर मेंदूत रक्तस्राव. त्यामुळे नुसता नाकाभोवतीच्या सायनसचा स्कॅन पुरत नाही, मेंदूच्या वाहिन्याही पाहाव्या लागतात.

शरीराचा पहारा ढिला पडलेल्या रुग्णाचा गाल एका बाजूने बधिर झाला, टाळूवर काळा डाग दिसला किंवा दात विनाकारण हलू लागला, तर ‘सर्दी आसा, जातली’ म्हणून वाफ घेत बसू नये. कसालमार्गे ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठावं. तिथून गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात पाठवलं तर त्याच दिवशी निघावं. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं आणि साखरेचा शेवटचा रिपोर्ट घ्यावा. स्टिरॉइड किती दिवस चालू आहे, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.